झाकण आणि टोपी

आमच्या सरबताच्या कारखान्यात प्रत्येक खात्याची कामाची पद्धत वेगळी लिहिलेली. ती सगळी एकत्र करून सोपी करायचं काम माझ्याकडे आलं आणि पहिल्याच पानावर अडलं. बाटलीच्या झाकणाला भरणीवाले बूच म्हणत, स्टोअरवाले झाकण आणि पॅकिंगच्या बायका टोपी.

"टोपी नको," साहेब हसले. "गिऱ्हाइकाला टोपी घातली म्हणतील लोक!"

झाकण ठरलं. बरंच झालं, नव्या माणसाचा गोंधळ संपला.

काल पॅकिंगमध्ये सुमनताई भिंतीवरचा नवा कागद वाचत होत्या, "बाटलीस झाकण घट्ट बसवावे." वाचून त्यांनी समोरची बाटली उचलली आणि पुटपुटल्या, "ये गं, टोपी घालते." थंडीत बाहेर निघालेल्या लेकराला घालावी, तशी घातली.

कागदावर बाटलीला फक्त झाकायचं असतं. काळजी बहुतेक बोलीतच राहते.

मला पाहून त्यांनी जीभ चावली. "झाकण, सर. चुकले."

"असू दे. घट्ट बसली ना?" मी विचारलं.

त्या हसायला लागल्या, तेव्हा मी काय बोलून गेलो ते कळलं. झाकण बसतं, बसते ती टोपी.