घरघर गेल्यावर
सोल्डरिंग करताना रोझिनचा धूर नाकात गेला की मला बरखेड्याच्या कारखाना-वसाहतीतलं आमच्या समोरचं क्वार्टर आठवतं. तिथले काका कारखान्यातून रिटायर झाले होते, आणि काकू गेल्यापासून रोज संध्याकाळी स्वतः बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर काकूंनी गायलेल्या भजनांची कॅसेट लावायचे. गाण्यामागे सतत घरघर असायची. मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते, मीच म्हटलं, "काका, हा एकाच सप्लायवर चालतो, निम्म्या व्होल्टेजला शून्य मानून. घरघर तिथूनच शिरते. प्लस-मायनस दोन्ही देऊ, मग खरं शून्य मिळेल." एका रविवारी दुपारी, कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात, मी ट्रान्सफॉर्मर बदलला, बायसच्या तारा ग्राउंडला जोडल्या, स्पीकरच्या वाटेतला मोठा कपॅसिटर काढून टाकला. काकांनी कॅसेट लावली, आणि काकू खोलीतच बसल्या असाव्यात इतका स्वच्छ आवाज आला. दुसऱ्या कडव्याआधी त्या खोकल्या, तोंड दाबून, कोणाला कळू नये तशा. मग पुन्हा एकदा. काकांनी टेप मागे नेऊन तेवढंच परत ऐकलं. "आजार कळायच्या दोन वर्षं आधीचं रेकॉर्डिंग आहे हे, बेटा," ते म्हणाले. "मी समोरच बसलो होतो." मग टेप बंद करून त्यांनी विचारलं, "पहिल्यासारखं करून देशील?" मी त्याच दिवशी करून दिलं, पण त्यानंतर त्या घरातून कॅसेटचा आवाज कधी आला नाही. आता माझा नवरा आतल्या खोलीत खोकला की मी हातातलं काम थांबवते आणि दुसरा खोकला येतो का, ते ऐकत उभी राहते.