यानाचा शेवट सांगायचा नाही

हे कोणाला सांगायचं नाही असं मी दामूकाकांना कबूल केलं होतं. पण काकांच्या दुकानात किस्से दुरुस्तीला आलेल्या टीव्हींसारखे साठत जातात. ठेवून जाणारे पुष्कळ, परत न्यायला कोणी येत नाही. मग कोणीतरी धूळ पुसायला हवी ना!

दुकान आमच्या गावात, आशागडला. काका टीव्ही दुरुस्त करतात, म्हणजे करायचे. आता टीव्ही बिघडला की लोक नवाच आणतात. पण रविवारी दुपारी दुकान भरतं, कारण काका व्हीसीआरवर ‘यान’ लावतात. दूरदर्शनवरची फार जुनी मालिका. पाच माणसं अंतराळात वाट चुकतात आणि घर शोधत फिरतात. कामामुळे तेव्हा बघायला जमायचं नाही, म्हणून काकांनी लग्नाआधी ती सगळी कॅसेटवर उतरवून घेतली होती. शेवटची दहा मिनिटं मात्र त्यांच्याकडे नाहीत. त्यामुळे त्या पाच जणांना घर सापडलं की नाही, हे आमच्याकडे कोणालाच माहीत नाही.

मला माहीत आहे. गेल्या वर्षी, आठवीत असताना, पप्पांच्या नव्या मोबाइलवर मी ते शोधून पाहिलं. काकांना सांगायला गेले, तर त्यांनी दोन्ही कान झाकून घेतले.

“हर्षू, शेवट कळला की माणसं यायची बंद होतील. मग मी इथे एकटा बसून काय करू?”

म्हणून मी गप्प. तशीही मी गप्पच असते. बंद टीव्हींच्या मागे माझं स्टूल आहे. तिथून पडदा कमी दिसतो, पण सगळ्यांचे चेहरे नीट दिसतात.

*

शेजारच्या किराणावाल्या रमीलाबेन पहिल्या रांगेत बसतात. एकदा यानातल्या डॉक्टरने वाटेत भेटलेल्या एका जखमी माणसाच्या छातीवर एक चमकतं यंत्र ठेवलं. रमीलाबेन ओरडल्या, “अरे, आ तो मिक्सरनुं ढाकणुं छे!” घरी धावल्या, आपल्या मिक्सरचं झाकण आणलं आणि पडद्याला लावून दाखवलं. तंतोतंत तेच! सगळे खो खो हसले.

तेवढ्यात पडद्यावरचा तो माणूस मेला. रमीलाबेन झाकण मांडीवर घेऊन हुंदके द्यायला लागल्या.

काकी म्हणाली, “अहो, मिक्सरच्या झाकणाने कोणी वाचतं का?”

“तेच तर!” रमीलाबेन डोळे पुसत म्हणाल्या. “बिचाऱ्या डॉक्टरकडे दुसरं काही नव्हतं!”

*

जान्याआजा सायवनहून जीपने येतात. त्यांची भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची शेती. यान एका ओसाड ग्रहावर उतरलं तेव्हा ते फार चिडले.

“येवढे शिकलेले लोक! बंदुका घेतल्या, कंप्युटर घेतला. बियाणं नाय घेतलं?”

काका म्हणाले, “आजा, ते शास्त्रज्ञ आहेत.”

“मग खातील काय? शास्त्र?”

पुढच्या रविवारी त्यांनी फडक्यात बांधून मूठभर नागलीचं बियाणं आणलं आणि टीव्हीवर ठेवलं. म्हणाले, “ऱ्हाऊ दे. परत कुठं उतरले तर लागंल.”

*

काकीची भाची सिद्धीदीदी मुंबईहून आली होती. यान उडताना बघून ती किंचाळली, “काका, दोरी दिसतेय! ते दोरीला लटकवलंय!”

काकांनी मान वर न करता विचारलं, “पडलं का?”

“नाही.”

“मग चांगली दोरी आहे.”

*

यानातले सगळे दिवे जातात असा एक भाग आहे. अंधार हवा म्हणून काका शटर खाली ओढतात. त्या दिवशी पडदा काळा झाला आणि दुकानात मिट्ट काळोख. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कोणी हूं की चूं करेना.

शेवटी रमीलाबेन हळूच म्हणाल्या, “काय ॲक्टिंग करतात! श्वाससुद्धा ऐकू येत नाही.”

काकी घामाने भिजली होती. “आणि हा पंखापण ॲक्टिंग करतोय का? लाइट गेलीय!”

*

आता ती दहा मिनिटं. काकांच्या साखरपुड्यात शूटिंगवाल्याची कॅसेट संपली. पप्पांनी धावत जाऊन घरातून एक आणून दिली. ती नेमकी यानाची शेवटची! त्यामुळे कॅप्टन यानाच्या दारावर हात ठेवतो, आणि दार उघडायच्या ऐवजी काकीच्या तोंडात कोणीतरी अख्खा पेढा कोंबतं. दर वर्षी इथे टाळ्या पडतात. मग भांडण. रमीलाबेन म्हणतात पोचले, जान्याआजा म्हणतात नाय पोचले, आणि काका पुन्हा पहिली कॅसेट लावतात.

काकी काकांना म्हणते, “त्यांचं जाऊ द्या. तुम्हाला तर घर मिळालं ना!”

*

मागच्या रविवारी पेढा झाला, टाळ्या झाल्या, आणि जान्याआजा म्हणाले, “नातवाच्या मोबाइलात सगळं दिसतं. यानाचा शेवट पण असंल.”

काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

“पोरीला इचारा,” आजा म्हणाले. “शाळेत जाते. खोटं नाय बोलायची.”

सगळी डोकी माझ्या स्टुलाकडे वळली. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मी! काकांनी व्हीसीआरमध्ये डोकं घातलं होतं.

“पाहिलंस का गं?” रमीलाबेननी विचारलं.

“पाहिलं.”

“मग? दार उघडल्यावर काय?”

मी म्हणाले, “काकीचा साखरपुडा.”

कोणी हसलं नाही. काकी उठून उभी राहिली. “मोबाइलवरपण? म्हणजे सगळीकडे मीच दिसते?” तिने पदर सारखा केला. “आधी सांगायचं ना कोणीतरी! ती साडी मी शेजारणीची नेसले होते!”

रमीलाबेन तिला धीर देत राहिल्या. जान्याआजांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “दामू, आता पयली लाव.” जाताना त्यांनी माझ्या हातात एक पिकलेला चिकू ठेवला.

तुम्ही काही आशागडला येत नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. कॅप्टन दार उघडतो. बाहेर ऊन असतं. तो एक पाय खाली ठेवतो आणि समोर बघतो, तर तिथे

“हर्षू! शटर ओढ गं, यान सुरू करायचंय!”