डावी बाजू

लीलंड स्ट्राउड अमेरिकन फुटबॉलचा कोच, सत्तावीस वर्षं एकच काम करत आला. पाच धिप्पाड पोरं चेंडूपुढे उभी करायची आणि त्यांच्या मागून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला समोरच्या कुणाचं बोटही लागू द्यायचं नाही. टीम जिंकली की फोटो क्वार्टरबॅकचा, हरली की शिव्या लीलंडच्या पोरांना. त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. यंदाच्या ऑगस्टमध्ये मात्र त्याच्या नाकी नऊ आले होते.

पश्चिम कॅन्ससमधलं ते कॉलेज एवढंसं. डाव्या टोकाचा त्याचा हुकमी गडी मे महिन्यात एका मोठ्या विद्यापीठाने उचलून नेला. जाऊ दे म्हणावं तर जागा नेमकी तीच, उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची डावीकडे वळलेली पाठ राखणारी. आणि यंदाचा क्वार्टरबॅक एमरी, खांद्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम सात महिने झालेला. खांदा पुन्हा गेला तर फेकणं कायमचं विसरा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्याची आई व्हर्ना चर्चच्या जेवणात लीलंडला गाठून म्हणाली, पोराला मी अडवत नाही, फक्त डावीकडे कुणीतरी दणकट ठेव. लीलंडने शब्द दिला. कशाच्या भरवशावर दिला, देव जाणे!

उरला होता एकटा कोल्बी. पोरगा मनाने सोनं. पण दोनशे चाळीस पौंड म्हणजे गावात पैलवान आणि त्या रांगेत पाप्याचं पितर. दोनशे पासष्टच्या खाली कुणाचं नाव यादीत चढायचं नाही, हा लीलंडचा स्वतःचा नियम. उन्हाळाभर कोल्बी अंडी, बिस्किटं, ग्रेव्ही, पीनट बटर चापत राहिला. खाऊन खाऊन ओकायचा आणि पुन्हा ताटावर बसायचा. सकाळच्या सरावात ते सगळं घामावाटे निघून जायचं.

यादी लागायच्या दिवशी वजनं झाली. पद्धत ठरलेली, नुसत्या चड्डीवर, सगळ्यांदेखत काट्यावर चढायचं. कोल्बी आला तो जाड स्वेटशर्ट घालून. बाहेर उन्हाने अंगाची लाही होत होती. पोटापाशी कापडाखाली व्यायामाच्या लोखंडी चकतीची कड उमटली होती, आंधळ्यालाही कळावी अशी. बाकीची पोरं जमिनीकडे बघत राहिली. काटा दोनशे सहासष्टवर थांबला. शर्ट काढ, एवढंच म्हणायचं होतं लीलंडला. पण काढला असता तर डावीकडे कुणाचं नाव लिहायचं? त्याने डोळ्यांवर कातडं ओढलं आणि कोल्बीचं नाव घालून यादी दारावर चिकटवली.

शनिवारी आपसातला सामना झाला. सरावात क्वार्टरबॅक लाल जर्सी घालतो, त्याला समोरच्यांनी हात लावायचा नसतो. आणि कुणी लावलाही नाही. समोरच्या गड्याने कोल्बीला छातीला भिडून मागे रेटत नेलं आणि कोल्बी पाठीवर पडला तो थेट एमरीवर. एमरीचा तोच खांदा खाली आला. मैदानभर त्याचं ओरडणं ऐकू गेलं.

दुपारी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात डॉक्टर येऊन सांगून गेले. हात वर व्हायला लागेल, पण चेंडू फेकणं संपलं. व्हर्ना भिंतीशी उभी होती. कोल्बी कोपऱ्यातल्या खुर्चीवर डोकं धरून बसला होता.

"लीलंड, एकच विचारते," ती म्हणाली. "त्या पोराचं वजन भरलं होतं ना?"

कोल्बीने मान वर केली.

"भरलं होतं," लीलंड म्हणाला.

"मग तुझा तरी काय दोष?" तिने त्याच्या दंडावरून हात फिरवला. "तू तुझ्याकडून केलंस."

व्हर्ना एमरीकडे आत गेली.

कोल्बी उठून जवळ आला. डोळे सुजलेले. "कोच, मी सोडतो," तो म्हणाला. "माझं नाव काढा यादीतून."

लीलंडने डोक्यात सगळी यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा फिरवली. बदली क्वार्टरबॅक एकोणीस वर्षांचा होता, नुकताच आलेला. त्याच्याही आईचा फोन येऊन गेला होता.

"सोमवारी साडेसहाला ये," लीलंड म्हणाला. "तुझ्याशिवाय डावीकडे कुणी नाही."