सपत्नीक तपासणी

डॉक्टर होऊन मी इंदूरहून उज्जैनला परतले तेव्हा मी सोडून सगळ्यांना माहीत होतं की मी बाळंतपणं करणार. बाई आणि त्यात डॉक्टर, म्हणजे दुसरं काय करणार? माझं मन मात्र छातीच्या दुखण्यांत होतं. छातीला नळी लावून आतला बिघाड नुसत्या कानांनी ओळखायचा, यात मला जो आनंद होता तो बाळंतिणीच्या खोलीत कधी झाला नाही. पण हे बोलायची चोरी होती.

वडील पूर्वी दरबारच्या कचेरीत होते. संस्थान विलीन झालं, मध्यभारत आलं, आता तेही मोडून भोपाळ राजधानीचं नवं राज्य होणार होतं. एवढी राज्यं बदलली तरी सरकारी नोकरीवरची त्यांची श्रद्धा तसूभर हलली नव्हती. जनाना इस्पितळात माझ्या नेमणुकीचा हुकूम आला तेव्हा त्यांनी तो देवापुढे ठेवला. हुकूम जुन्या राज्याचा, नोकरी नव्या राज्यात. रुजू कोणाकडे व्हायचं ते कोणालाच सांगता येईना. या गोंधळात मला दिवाळीपर्यंत सवड मिळाली.

“तोपर्यंत लावून बघ तुझा दवाखाना,” वडील म्हणाले. “पण पुरुष तपासायला आले पाहिजेत. नाही आले तर फालतू जिद नको करू, चुपचाप रुजू हो.”

देवास गेटजवळ खोली घेतली. भैरवगढ़ची छापाची चादर मधे पडदा म्हणून टांगली आणि ‘सर्व रोगांवर उपचार’ अशी पाटी लावली. गरोदर बायका आल्या. त्यांचे नवरे बाहेर चहा पीत थांबायचे, त्यातले निम्मे खोकायचे. मी आत बसून त्यांच्या खोकल्यावरून निदान करायची आणि ते बिडी पेटवून निघून जायचे. एकदा एक गवळी धावत आला. मी आनंदाने उठले, तर त्याची म्हैस अडली होती. त्याचा स्वतःचा पाय सुजून टम्म झाला होता. तो दाखव म्हटलं तर लाजला. “भैंस तो जनानी है, बाईसाब,” म्हणाला.

रोज जेवताना वडील विचारत, “आज कोणी आलं?” नाही म्हटलं की त्यांना भात जास्त गोड लागतो, असा मला संशय होता.

दसरा झाला आणि घाटावर पूजा सांगणारे एक पंडाजी बायकोला घेऊन आले. “इनकी छाती देख लो,” म्हणाले. बाई चांगली धडधाकट होती. पंडाजी तिच्या शेजारी बसले, तिच्या कोपराला बोटं लावली आणि डोळे मिटले. मी तिची छाती तपासली. आत सगळं स्वच्छ होतं.

“खाँसी तो आपको है,” मी म्हटलं.

“हाँ। आप इनको देखो, मैं हाथ लगाके बैठा हूँ। फल दोनों को लगता है।”

पूजेत यजमान संकल्प सोडतो आणि बायको त्याच्या हाताला हात लावून बसते, पुण्य दोघांना मिळतं. त्याच हिशेबाने पंडाजी आपला खोकला बायकोमार्फत तपासून घ्यायला आले होते. बाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला आधी हसू आलं, मग राग आला, कारण त्यांचा खोकला हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गाल बसले होते, संध्याकाळी ताप येत होता. रागातच मी बोलून गेले, “पंडाजी, आप बैठे ही उलटे हो। कर्ता पुरुष होता है, हाथ पत्नी लगाती है। ऐसे कोई फल नहीं लगेगा।”

ते दचकले. सगळी हयात यजमानांना पाटावर बसवण्यात गेलेली आणि स्वतःच्याच वेळी चुकले! “अरे राम,” म्हणत ते उठले, बायकोला उजव्या हाताला बसवलं, तिची बोटं आपल्या कोपराला लावून घेतली आणि बंडी काढली. “अब करो।”

मी नळी लावली. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला बारीक चरचर होती. पुढे एक्स-रेने क्षयच सांगितला. इंजेक्शनं सुरू झाली.

“तो मोजायचा नाही,” वडील म्हणाले. “त्याला तू फसवून बसवलंस.”

पण डॉक्टरीणबाई शास्त्राप्रमाणे तपासते, ही बातमी घाटावर पसरली. पुरुष सपत्नीक येऊ लागले. भांडून आलेल्या बायका दुसरीकडे बघत एकच बोट लावायच्या. विधुर कमरेला सुपारी खोचून यायचे; बायको नसली की पूजेत तिच्या जागी सुपारी चालते, मग इथे का नाही? तपासताना सुपारी घरंगळली की सगळं पहिल्यापासून करावं लागे. मी कशालाच नाही म्हटलं नाही.

धनत्रयोदशीला मी पुढच्या रुग्णाला हाक मारली, तर पडदा सारून वडील आत आले. स्टुलावर बसले, खिशातून सुपारी काढली आणि धोतराच्या निऱ्यांत नीट खोचली.

“जिना चढताना छातीत भरून येतं,” ते म्हणाले. “बरेच दिवस झाले.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तू बाळंतपणवाली होणार होतीस ना.” मग निऱ्यांतली सुपारी चाचपत म्हणाले, “तुझी आई असती तर तिलाच हात लावायला आणली असती.”

मी नळी कानांत घातली, पण मला माझ्या रडण्यापुढे काही ऐकूच येईना.

“रडून घे आधी,” वडील म्हणाले. “मग छाती बघ. आणि संध्याकाळी इस्पितळाला नकार लिहायला बस. मजकूर मी सांगतो, तुला सरकारी लिहिता येत नाही.”