दाराजवळची जागा

जो माणूस रोज दुसऱ्यांच्या जखमा जवळून पाहतो, त्याला स्वतःची जखम ओळखायला वेळ लागत नाही. हे वाक्य मी अनेक वर्षं प्रशिक्षणांत म्हणत आलो, आणि समोरचे लोक ते लिहून घेत. हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मला सांगितलं, "तुम्हाला पीटीएसडी आहे," तेव्हा मी म्हणालो, "पण अजून रक्त तर तपासलंच नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे. बायको म्हणाली, "हे असेच आहेत. लिहा तुम्ही."

पीटीएसडी म्हणजे पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. जिवावरच्या प्रसंगातून माणूस बाहेर पडतो, पण त्याच्या शरीराला ते कुणी कळवलेलं नसतं. ते अजून तिथेच मार खात असतं, आणि संधी मिळाली की मारतं. ही व्याख्या माझी आहे. मी लोकांना शिकवायचो ती जास्त सभ्य होती.

माझ्यासारखंच काम करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. मुलांच्या संरक्षणाच्या कामात केस मॅनेजमेंट नावाची पद्धत असते. एका मुलाची जबाबदारी एका माणसाकडे. पोलीस, दवाखाना, शाळा, बालकल्याण समिती या सगळ्यांच्या मागे त्या माणसाने धावायचं, आणि मूल सुरक्षित झालं की केस बंद करायची. मी हे काम हैदराबादेत एका संस्थेत करतो. वडील मराठवाड्यातून सिकंदराबादला रेल्वेत लागले, म्हणून मला मराठी, तेलुगू आणि दखनी तिन्ही येतात. देगलूरकडची कुटुंबं इथल्या बांधकामांवर बरीच आहेत. त्यांच्या केसेस आपोआप माझ्याकडे येत.

रेणुका तशीच आली. मूसीला पूर आला तेव्हा नदीकाठची वस्ती एका शाळेत हलवली होती. तिथल्या आमच्या टेबलाशी ही अकरा वर्षांची पोर रोज येऊन बसायची. चित्र काढायची नाही, खेळायची नाही. खडू तोडायची. तिच्या पाठीवर आणि दंडांवर लांब, सरळ वळ होते. पुरात पडली, असं तिच्या आईने सांगितलं. पुराने पट्टी धरून वळ काढलेले मी तरी ऐकले नव्हते.

मारणारा तिचा सावत्र बाप माणिक. सळया वाकवायचं काम करायचा. बोलायला गोड. मला पहिल्याच भेटीत "भाऊ" म्हणाला आणि बिदरच्या बसपासून जातीपातीपर्यंत सगळं आपुलकीने विचारून घेतलं. पूर ओसरल्यावर वस्ती परत गेली. रेणुकाला सिकंदराबादच्या मावशीकडे ठेवावं अशी शिफारस मी समितीकडे केली होती, आणि तारखेची वाट पाहत होतो.

त्याच आठवड्यात पाहुणे आले. आमच्या संस्थेला निधी देणाऱ्या एक बाई, त्यांच्यासोबत दिल्लीचा फोटोग्राफर आणि आमच्या कार्यक्रमप्रमुख मॅडम. त्यांना "प्रत्यक्ष केस" पाहायची होती. मी हरकत घेतली. अशी हरकत ईमेलने घेतात आणि तिच्या शेवटी आभार मानतात.

गृहभेटीचा एक नियम मी स्वतः शिकवतो. कार्यकर्त्याने दाराजवळ बसायचं. म्हणजे पळता येतं, आणि मुलाला पळायचं झालं तर वाटेत कुणी नसतं. माणिकच्या खोलीला एकच दार होतं, पत्र्याचं. मी नेहमीप्रमाणे दाराशी स्टूल घेऊन बसलो. फोटोग्राफर म्हणाला, "सर, आप अंदर हो जाइए, लाइट इधर से ही आ रही है." मी उठलो आणि आत, खाटेवर, भिंतीशी जाऊन बसलो. प्रकाशासाठी.

पाहुण्या बाईंनी समोर बसलेल्या रेणुकाला विचारलं, मोठेपणी काय व्हायचंय. मी भाषांतर केलं. रेणुका खाली बघत राहिली. फोटोग्राफरने तिला खुणेने ओढणी बाजूला करायला सांगितलं. दंडावरचे वळ दिसले. कॅमेऱ्याचा आवाज झाला.

स्टोव्हवर चहा उकळत होता. माणिक शांतपणे म्हणाला, "भाऊ, फोटो कशाला काढायलेत हे? कोर्टात दाखवायला?"

मी म्हणालो, "माणिकराव, खाली बसा."

त्याने रेणुकाचे केस मुठीत धरून तिला उचललं. पाय जमिनीवरून सुटले होते तिचे. दुसऱ्या हाताने खाटेखालची सळई काढली आणि तिच्या पाठीत घातली. ओला गोणपाट आपटावा तसा आवाज आला. ती ओरडली नाही. हे मला अजून सहन होत नाही. तिला सवय होती.

मी मध्ये गेलो. पुढचा घाव मी हातावर घेतला आणि हात मोडल्याचं मला आधी ऐकू आलं. त्यानंतरचा जबड्यावर. दातांचे तुकडे जिभेवर आले. पाहुणे बाहेर पळाले, ते योग्यच होतं. फक्त जाताना त्यांच्यापैकी कुणीतरी दार ओढून घेतलं. गाडीतून उतरल्यावर दार लावायची सवय असते, तसं. बाहेरची कडी आपोआप पडली.

आता आत माणिक, त्याची बायको, रेणुका आणि मी. त्याने मला खाली पाडून बरगड्यांवर लाथा घातल्या. लाथांमध्ये श्वास घ्यायला थांबे तेव्हा म्हणायचा, "आपलाच माणूस, भाऊ. आपलाच माणूस." रेणुकाने स्टोव्हवरचं पातेलं उचलून उकळता चहा त्याच्या मानेवर ओतला. तो किंचाळला आणि तिच्याकडे वळला. तिचं डोकं त्याने भिंतीवर आपटलं. मी त्याच्या पायांना मिठी मारून पडून राहिलो. एवढंच करता येत होतं. शेजाऱ्यांनी दार उघडेपर्यंत तो माझ्या पाठीवर सळई मारत होता. तिची आई कोपऱ्यात बसून पदराने सांडलेला चहा टिपत होती.

शस्त्रक्रियेचं फार सांगण्यासारखं नाही. हातात धातूची पट्टी आणि स्क्रू, जबडा तारेने बांधलेला. जबडा बांधला की माणूस भेटायला येणाऱ्यांचं सगळं ऐकून घेतो. ऑफिसने फुलं पाठवली आणि तणावव्यवस्थापनाच्या ऑनलाइन सत्राची लिंक. ते सत्र माझंच होतं, जुनं, रेकॉर्ड केलेलं.

रेणुका बालगृहात होती. डोक्याला टाके पडले होते, पण ती वाचली. माणिकला अटक झाली, मग जामीन.

हाडं जुळली. तार निघाली. मी बरा झालो असं सगळे म्हणू लागले, आणि तेव्हाच आजार सुरू झाला.

आधी झोप गेली. मग लोखंडाचा आवाज सहन होईना. कुकरचं झाकण पडलं आणि मी स्वयंपाकघरातला मिक्सर भिंतीवर फेकला. बायको, सुजाता, आबिड्स भागातल्या एका बँकेत आहे. लोकांच्या रागाची तिला सवय आहे. तिने तुकडे गोळा केले आणि म्हणाली, "पुढच्या वेळी कुकर फेका. तो जुना आहे." पण नंतर ती बाथरूममध्ये बराच वेळ नळ सोडून बसली होती.

मी जेवताना भिंतीला पाठ लावून बसू लागलो. कुणी मागून आलं की मूठ वळायची. डोक्यात दिवसभर मी माणिकला मारत होतो. सळईने, दगडाने, दातांनी. आधी त्याचे हात मोडायचो, मग जबडा. क्रम ठरलेला होता. बरं वाटायचं, हेही सांगायला हवं.

एका संध्याकाळी सुजातासोबत औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. त्याने माझ्यासमोर शटर खाली ओढलं. तो खडखडाट झाला आणि पुढचं मला सलग आठवत नाही. मी त्याची मान धरली होती आणि त्याचं डोकं शटरवर आपटत होतो. सुजाताने मागून माझे केस धरून ओढलं. त्याच्या नाकातून रक्त येत होतं. तो रस्त्यावर बसला आणि म्हणाला, "क्या साब, दुकान बंद है बोले तो जान लेते क्या?"

सुजाताने त्याची माफी मागितली, त्याच्याच दुकानातला कापूस त्याच्या नाकाला लावला, आणि मला म्हणाली, "चला डॉक्टरकडे."

"मला काय होतंय ते मला माहीत आहे. मी शिकवतो ते."

"हौ, माहीत आहे. गाडीत बसा."

ते निदान मी वर सांगितलंच आहे.

डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या. एसएसआरआय म्हणतात त्यांना, मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन टिकवून धरणाऱ्या. दोनचार आठवडे काही फरक वाटणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं, म्हणून मी गोळ्यांवर रागावलो नाही. शिवाय एक्सपोजर थेरपी. ज्याची भीती आहे त्याच्या थोडं थोडं जवळ जायचं, आणि पळायचं नाही. दर वेळी मला तो प्रसंग सुरुवातीपासून सांगावा लागे, वर्तमानकाळात. स्टूल, प्रकाश, चहा, सळई.

वेटिंग रूममध्ये भिंतीवर धबधब्याचं चित्र आणि समोर माझ्यासारखे लोक. कुणी कुणाकडे बघत नाही. एकदा एका बाईने विचारलं, "तुमचं काय?" मी म्हणालो, "मुलांना वाचवण्याचं काम करतो." ती म्हणाली, "अरेरे."

मध्येच समितीची तारीख लागली. माणिकने अर्ज केला होता की पोर घरी द्या. आईने लिहून दिलं होतं की रेणुका भांडणात स्वतः पडली. पाहुण्या बाई त्यांच्या देशात परतल्या होत्या. फोटोग्राफर दिल्लीहून आला नाही. त्याचे फोटो मागवले, तर त्यांत प्रकाश उत्तम होता, पण सळई कुठेच नव्हती. मॅडमनी लिहून दिलं की त्या "त्या क्षणी खोलीबाहेर" होत्या. कोणता क्षण ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे ते खरंही होतं. शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा फक्त मला मार खाताना पाहिलं होतं. पोरीच्या एकटीच्या शब्दाला दुजोरा देणारा माझ्याशिवाय कुणी नव्हता. मी गेलो नाही तर ती त्या खोलीत परत जाणार होती.

मी डॉक्टरांना म्हणालो, "मी त्याला समोर पाहिलं तर मारीन."

"मारावंसं वाटेल," त्या म्हणाल्या. "वाटणं आणि मारणं यांत तुम्हाला एक श्वासभर जागा सापडली तर पुरे. तेवढ्यासाठीच तुम्ही येता इथे. शांती वगैरे मी देत नाही."

गृहपाठ म्हणून त्यांनी मला राणीगंजला पाठवलं, जिथे लोखंडाची दुकानं आहेत. सुजाता सोबत आली. ट्रकमधून सळया फुटपाथवर पडत होत्या. पहिल्या खेपेला मी गटारात ओकलो. दुसऱ्या खेपेला एका हमालावर धावून गेलो आणि मध्येच थांबलो. तो म्हणाला, "क्या होना?" म्हणजे काय पाहिजे. सुजाता म्हणाली, "कुछ नक्को भैया, ये देखने आए." त्यानंतर आम्ही दर रविवारी जात राहिलो. कुणी समुद्र बघायला जातं, तसं.

सुनावणीची खोली लहान होती. मी दाराजवळची खुर्ची घेतली. माणिक आला, मानेवर भाजल्याचा डाग. वाकून म्हणाला, "भाऊ, तब्येत कशी आहे?"

टेबलावर पितळी पेपरवेट होता. माझा हात त्याच्यापर्यंत गेला. त्याची कवटी कुठे फुटेल ते मला नेमकं दिसत होतं. मी श्वास घेतला. मग अजून एक. हात परत मांडीवर आणला. तो माझ्याच दुसऱ्या हाताने आणला, हे कुणाच्या लक्षात आलं नसावं.

समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्ही खोलीत कुठे बसला होता?"

"आत. भिंतीशी."

"तुमच्या नियमात तर दाराजवळ लिहिलंय."

"हो. फोटोसाठी उठलो."

मग मी सगळं सांगितलं, डॉक्टरांना सांगायचो तसं, वर्तमानकाळात. तो केस धरतो. पाय जमिनीवरून सुटतात. पहिला घाव पाठीत. माणिक उभा राहून ओरडला, "खोटं बोलायलाय हा!" तेव्हा बाजूला बसलेली रेणुका, मावशीचा हात धरून, त्या खोलीत पहिल्यांदा बोलली. "दोन घाव मारले मला. तिसरा सरांना. सरांचं ते सांगायचं राहिलं." मग तिने आईकडे पाहिलं. आई पदराचं टोक पिळत होती.

रेणुका मावशीकडे गेली. माणिकला तिच्या आसपास फिरकायची बंदी झाली. त्याच्यावरचा फौजदारी खटला चालू आहे, आणि तो चालूच राहील असा माझा अंदाज आहे.

माझ्या गोळ्या अजून आहेत, पण कमी. औषधाच्या दुकानदाराने मला माफ केलं. शटर ओढायच्या आधी तो मला हाक मारून सांगतो. सुजाताने नवा मिक्सर घेतला. तुमच्यापैकी कुणाला झोप येत नसेल, हात उठत असेल, तर स्वतःचं प्रशिक्षण आठवत बसू नका. कुणीतरी केस धरून ओढेपर्यंतही थांबू नका.

केस बंद करण्याआधी एक शेवटची गृहभेट लागते. मी सिकंदराबादला मावशीच्या घरी गेलो. जिना चढताना मनात बरंच काही होतं. त्या पोरीने माझा जीव वाचवला होता आणि मी तिचा, आणि हे कुणीतरी एकदा मोठ्याने म्हणायला हवं, असं मला वाटत होतं. रेणुकाने खिडकी उघडली, उंच झाली होती. म्हणाली, "सर, मावशी कामावर आहे. एकट्या पुरुषाला आत घ्यायचं नाही, तुम्हीच सांगितलं होतं." खिडकी लागली. आतून टीव्हीचा आवाज वाढला.

मी पायरीवर बसलो. तासाभराने मावशी आली. समितीपुढे ही बाई अख्खी दुपार माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिने मला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "गॅसवाले ना? टाकी संपली नाही अजून. पुढच्या आठवड्यात या."