बिघडलेलं आधी

आमच्या आमदारबाईंना लोक तोंडावर ताई म्हणतात, पाठीमागे क्रेनवाली. तिला दोन्ही माहीत आहे. दुसरं जास्त आवडतं.

ओतशाळेत ती आणि मी एकच क्रेन चालवायचो. सकाळची पाळी तिची, दुपारची माझी. छताखालच्या केबिनपर्यंत उभी लोखंडी शिडी होती. उन्हाळ्यात तिचे दांडे हाताला चटके देत. वर बसून वितळलेल्या लोखंडाचं भांडं भट्टीपासून साच्यांपर्यंत न्यायचं. धक्का लागता कामा नये, कारण खाली माणसं. ती पहिल्यांदा शिडी चढली तेव्हा सगळ्यांनी काम थांबवून माना वर केल्या होत्या. काही दिवसांनी कोणी मान वर करेना. आमच्यात याहून मोठी शाबासकी नसे.

पाळी सोपवायची एक रीत होती. उतरायचं, शिडीच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि येणाऱ्याला आधी बिघडलेलं सांगायचं. ब्रेक उशिरा धरतोय, अमुक साखळीची कडी झिजली आहे. चालू काय आहे ते नंतर. चालू असलेलं आपणहून दिसतं, न सांगितलेला बिघाड माणूस खातो. ऐकणाऱ्याने मान हलवली की सुटका, तोवर नाही. एकदा आईच्या आजारपणामुळे मला फार उशीर झाला. क्रेनवालीचं मूल तेव्हा लहान, घरी रडत असणार. तरी ती शिडीशी उभी. फळ्यावर लिहून गेली असतीस तरी चाललं असतं, असं मी म्हटलं.

"फळा मान हलवत नाही," ती म्हणाली.

पुढे ओतशाळा बंद पडली. कामगारांच्या बाजूने बोलता बोलता ती निवडून आली. दर महिन्याला शाळेच्या सभागृहात लोकांसमोर उभी राहू लागली, आणि तिथेही तीच रीत. आधी बिघडलेलं : टेकडीवरची पाण्याची लाइन अडली आहे, पुलाचा कंत्राटदार काम टाकून गेला. मग झालेलं. सगळ्यात शेवटी येणारं : कुठे भरती निघाली, कुठे काय शिकायला मिळेल. तिचा सहायक पूर्वी शाळेत हेडक्लार्क होता. सभा सुरू झाली की तो कपाळाला हात लावून बसे. दुकान मांडून नासकं पुढे ठेवणारी बाई पहिल्यांदाच बघतोय, असं विरोधक म्हणत. लोक हसत, पण सभागृह भरे.

अशाच एका सभेत तिने सांगितलं, ओतशाळेच्या जुन्या कँटीनमध्ये बायकांसाठी शिलाई मशीन दुरुस्तीचं केंद्र निघणार. दिवसभर शिकायचं, मग कारखान्यांत मेकॅनिक म्हणून लागायचं. पुढच्याच महिन्यात सुरू.

माझी सून समोर बसली होती. ती शर्टाच्या कारखान्यात कॉलर लावायची. मशीन अडलं की मेकॅनिकची वाट बघायची आणि मागे पडलेले नग जेवणाच्या सुट्टीत भरून काढायचे. मशीन स्वतः उघडायला सक्त मनाई. घरचं जुनं मशीन मात्र ती पूर्ण मोकळं करून पुन्हा जिथल्या तिथे बसवते. मुलगा ट्रकवर असतो, क्वचित घरी. तिने कोणालाही न विचारता नोकरी सोडली. क्रेनवालीला ती मावशी म्हणते. "मावशींनी सांगितलं ना," एवढंच म्हणाली.

केंद्र निघालं नाही. खात्यातल्या साहेबाने फोनवर 'झालंच समजा' म्हटलं होतं, पण सही झालीच नाही. कँटीन कोणाच्या तरी गोदामाला गेलं. सुनेच्या जागेवर दुसरी मुलगी बसली.

क्रेनवाली अशी कशी फसली, ते लोकांना कळेना. मला कळलं. क्रेनमधून खालची गाठ दिसत नाही. साखळ्या बांधणारा खलाशी खालून हात वर करतो आणि आपण ओझं उचलतो. हूक नीट बसला का, असं विचारत बसलं तर भांड्यातलं लोखंड थिजायचं. आमच्या खलाशाने हात वर केला म्हणजे त्याने कडी स्वतः ओढून बघितलेली असे. जन्मभर अशा हातांवर विसंबलेली बाई. साहेबाने हात वर केला, तिने उचललं.

पुढच्या सभेआधी सहायक माझ्या दारात आला. निवडणूक जवळ आली होती. टेकडीला पाणी आलं, दवाखान्यात एक्स-रे मशीन आलं, ते आधी सांगावं. केंद्राचं 'प्रक्रियेत आहे' म्हणून शेवटी उरकावं. तुमचं ती ऐकते, तुम्ही समजवा, असं त्याचं म्हणणं. ऐकते खरी, मी म्हटलं, पण हे मी तिला सांगणार नाही.

सून सभेला आली नाही. मी गेलो. क्रेनवाली उभी राहिली आणि आधी तेच काढलं.

"केंद्र होणार नाही. मी खात्री न करता सांगितलं. माझ्या शब्दावर कोणी हातातलं काम सोडलं असेल, तर ते माझ्यामुळे गेलं."

मागून कोणीतरी विचारलं, मग मतं कोणत्या तोंडाने मागणार? आज मागत नाही, ती म्हणाली. मग पाण्याचं सांगितलं, एक्स-रेचं सांगितलं. बोलताना ती रांगांवरून नजर फिरवत होती. कोणाला शोधते आहे ते मला माहीत होतं.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. मी खाली राहतो, मुलगा आणि सून वर. वर जायला बाहेरून लोखंडी जिना आहे. सुनेला बोलावू का, मी विचारलं. नको म्हणाली. तिनेच खालून एकदा हाक मारली. वर शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं. दार उघडलं नाही. मशीन पुन्हा सुरू झालं.

मी खुर्ची आणली. ती बसली नाही. कठड्यावर हात ठेवून जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिली. आम्हा दोघांचेही गुडघे त्या शिडीने खाल्लेले आहेत, तेव्हा उभं राहणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. दुसऱ्या वस्तीत माणसं खोळंबली आहेत, असं सांगायला सहायक आला. तिने त्यालाच तिकडे पाठवलं आणि उशिराचं खरं कारण सांगायला लावलं. येणारेजाणारे थबकू लागले. आमचा शेजारी दारातून म्हणाला, "काय ताई, चढायची सवय मोडली वाटतं."

"आज चढायची पाळी माझी नाही," ती म्हणाली.

अंधारू लागलं तेव्हा मशीन थांबलं. सून खाली आली आणि शेवटच्या पायरीवर उभी राहिली.

"केंद्र होणार नाही," क्रेनवाली म्हणाली. "तुझी जागाही परत मिळत नाही. मी कारखान्यात जाऊन आले. तिथे बसलेल्या मुलीला उठवा, असं मला म्हणता येईना."

"हे सभेत सांगितलंत. बाबांकडून कळलं मला."

"तू नव्हतीस."

"मुद्दाम नव्हते."

"माहीत आहे."

सून तिच्याकडे बघत राहिली. माफ केलं असं तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. आजही केलं असेल असं मला वाटत नाही. मग तिने मान हलवली. ऐकलं, एवढ्यापुरती.

"आता चालू काय आहे ते सांगा, मावशी."

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये मदतनीस घेणार आहेत, क्रेनवालीने सांगितलं. बायकांनाही घेतात. "जागा मिळेल असं म्हणणार नाही. परीक्षा आहे, एवढं मी तिथे जाऊन स्वतः बघितलं."

"परीक्षा कसली?"

"एक पंप देतात. उघडायचा, दोष काढायचा, परत बसवायचा."

सुनेचा हात कठड्यावर थांबला. "उघडू देतात?"

"देतात."

सून वळली आणि जिना चढू लागली. ती वर पोचून खोलीत दिवा लागेपर्यंत क्रेनवाली पायथ्याशी उभी होती. मग तिने गुडघा चोळला आणि खुर्चीवर बसली.