समोरून येणारी पांढरी गाडी

गुडगावला तेव्हा गुडगावच म्हणत. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या सेक्टरमध्ये दर थोड्या दिवसांनी कुणाच्या तरी दारात नवी गाडी हार घालून उभी राहायची. नवरा स्कूटर घेऊन दिल्लीला, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात जायचा. मी जवळच्या एका कंपनीत हिशेब बघायचे आणि सायकलने जायचे. पुण्यात वाढलेल्या बाईला त्यात काही विशेष वाटत नाही. सेक्टरला वाटायचं. "भाईसाहब गाड़ी नहीं ले रहे क्या?" असं शेजारणी काळजीने विचारायच्या.

आमचा रस्ता वन-वे होता. हायवेकडून आत यायचं, आमच्या घरावरून खाली जायचं. परत हायवेला लागायचं तर खूप पुढे जाऊन, दुभाजकाच्या कटवरून वळून पलीकडच्या बाजूने यायचं. खालच्या अंगाला राहणाऱ्या एका गृहस्थांना एवढा वळसा मान्य नव्हता. ते सेक्टरच्या रहिवासी संघटनेचे सेक्रेटरी. रोज सकाळी गेटमधून पांढरी गाडी काढून ते सरळ उलट्या दिशेने हायवे गाठायचे. हेडलाइट लावून, म्हणजे चूक समोरच्याची.

एका सकाळी त्यांनी मला उडवलं. मी सायकलवर डाव्या कडेने चालले होते. मनगट मोडलं. चौकातला हवालदार आला, त्याने गाडीच्या काचेवरचं संघटनेच्या सेक्रेटरीपदाचं स्टिकर वाचलं आणि मग माझ्याकडे वळला.

"मैडम, देख के चलाया करो."

"मैं अपनी साइड पे थी. ये उलटे आए हैं. इनका चालान काटिए."

"वो तो ठीक है. पर साइकिल का क्या केस बनाऊँ? नंबर है आपका?"

सायकलला नंबर नसतो, लायसन्स नसतं. पावती फाडायची तर कुणाच्या नावावर, हा पोलिसांचा जुना पेच. त्यावर तिकडे एक जुनाच तोडगा आहे. हवालदार खाली वाकला, माझ्या पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह फिरवला आणि हवा सोडून दिली. सायकलवाल्याला, रिक्षावाल्याला हीच शिक्षा. खटला, निकाल, अंमलबजावणी, सगळं जागच्या जागी. मी मोडका हात धरून उभी होते आणि दंड मलाच झाला होता.

सेक्रेटरी गाडीतून उतरलेही नाहीत. काच खाली करून म्हणाले, "छोड़िए भाभीजी ये साइकिल-वाइकिल. अब उम्र है आपकी?"

पुढच्या रविवारी संघटनेची सभा झाली. मी प्लास्टर घालून गेले होते. सायकलवाल्यांना शिस्त लावली पाहिजे, असा विषय त्यांनीच काढला आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "हमारी भाभीजी को ही देख लीजिए." लोकांनी माना वळवून माझं प्लास्टर पाहिलं.

घरी नवरा म्हणाला, "अगं, जाऊ दे ना. रोज तोंड बघायचंय त्यांचं."

"म्हणूनच," मी म्हटलं.

त्यांची माफी मला नकोच होती. त्या माणसाला लोकांदेखत त्याच रस्त्यावरून मागे जायला लावायचं होतं. प्लास्टर निघेपर्यंत माझ्याकडे विचार करायला भरपूर वेळ होता, आणि मी तो वाया घालवला नाही.

मला फक्त अरुंद जागा हवी होती. ती टेलिफोनवाल्यांनी दिली. केबल टाकायला त्यांनी आमच्या रस्त्याची अर्धी रुंदी खणली आणि नेहमीप्रमाणे तशीच सोडून गेले. उरलेल्या पट्ट्यातून एका वेळी एकच गाडी जाई. सकाळी मानेसरच्या कारखान्यांच्या बसगाड्या कामगारांना घ्यायला याच रस्त्याने आत येत. त्याही माझ्याच दिशेने, नियमाने. मी बसची वेळ बघून निघू लागले. पहिले दोन-तीन प्रयत्न फुकट गेले. मग एक दिवस सगळं जुळलं. पट्ट्याच्या मधोमध मी, मागे बस, समोर हेडलाइट.

मी उतरले आणि सायकल आडवी धरून उभी राहिले.

हॉर्न वाजला. मग खूप वाजला. सेक्रेटरींच्या मागे त्यांच्याच वळणावर गेलेल्या आणखी गाड्या येऊन थांबल्या, कारण एक उलटा निघाला की शेपूट आपोआप वाढतं. बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

"भाभीजी, साइड हो जाइए," सेक्रेटरी काच खाली करून म्हणाले.

"मैं साइड पे ही हूँ. आप नहीं हैं."

बसचा ड्रायव्हर उतरून आला. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. त्याने एकदा मला पाहिलं, एकदा पांढरी गाडी पाहिली आणि बॉनेटवर थाप मारली. "रै बाबूजी, पढ़े-लिखे हो के उलटे घुसे पड़े हो? पाछे ले!"

तेवढ्यात तोच हवालदार धावत आला. त्याने सवयीने आधी माझ्या चाकाकडे हात नेला. मी म्हटलं, "निकाल लो हवा. फिर तो मैं यहाँ से हिल भी नहीं पाऊँगी." त्याचा हात थांबला. मागे दुसरी बस लागली होती, तिसरी हायवेवरून वळत होती. बसमधून शिट्ट्या सुरू झाल्या.

"चालान?" मी विचारलं.

"मैडम, चालान की बात छोड़ो, रास्ता खुलने दो." मग तो गाडीकडे वळला. काचेवरचं स्टिकर त्याने या वेळी वाचलं नाही. "सर, बैक लीजिए."

"तुम जानते हो मैं कौन हूँ?"

"सर, बैक."

चालान फाटलं नाहीच. त्या रस्त्यावर ते कधी कुणाचं फाटलेलं मी पाहिलं नाही. पण आधी मागच्या गाड्या एकेक करून मागे सरकल्या आणि मग पांढरी गाडी. सेक्रेटरी मान बाहेर काढून, एका बाजूला खड्डा सांभाळत, इंच-इंच मागे जाऊ लागले. मी सायकलवर बसले आणि त्यांच्या बॉनेटसमोर पायडल मारू लागले. मान सरळ केली की त्यांना माझंच तोंड दिसत होतं. दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका थांबून बघत होत्या.

"बहनजी, थोड़ा तेज चला लो, शिफ्ट लग जावैगी," मागून ड्रायव्हर ओरडला.

"बस, हो ही गया," मी म्हटलं, आणि वेग होता तेवढाच ठेवला.